वाचकांचे प्रश्न : कागदाची तलवार मान का टाकते?

शिवजयंती १९ फेब्रुवारीला येते आणि शाळांची स्नेहसंमेलनेही तिच्या आगेमागेच होतात, त्यामुळे जानेवारी सरता सरता या सदराकडे येणाऱ्या पत्रांत कागदी तलवारीचा विषय हटकून असतो. या वेळी त्यांतील पाच पत्रे निवडली आहेत. प्रश्न थोडक्यात दिले आहेत. पहिले उत्तर लांबले आहे, कारण हस्तकलेच्या तासाला इतकी वर्षे मुलांच्या आणि त्यांच्या पालकांच्या हातच्या तलवारी पाहताना ज्या एका चुकीने बहुतेक तलवारी वाया गेलेल्या मी पाहिल्या, ती चूक त्या प्रश्नातच आहे.

प्रश्न : माझा मुलगा तिसरीत आहे. शाळेत मावळ्याच्या वेशात जायचे म्हणून मी सहा वर्तमानपत्रे एकत्र गुंडाळून, वरून चिकटपट्टी लावून तलवार केली. दुसऱ्याच दिवशी ती मधोमध वाकली. आणखी दोन कागद गुंडाळले, तर ती जड झाली आणि अधिकच लवकर वाकली. ताठ राहणारी तलवार नुसत्या कागदाची होऊ शकते का?
— एक आई, कोथरूड

उत्तर : होऊ शकते, आणि आपण वापरलेल्या कागदापेक्षा कमी कागदात होऊ शकते. आपली तलवार कागद कमी पडल्यामुळे वाकलेली नाही. कागदाचे पदर एकमेकांना चिकटलेले नसल्यामुळे वाकली आहे. मुलाची दोनशे पानी वही हातात घेऊन वाकवून पाहा. ती सहज वाकते आणि वाकताना पानांच्या कडा तिरप्या सरकलेल्या दिसतात, म्हणजे प्रत्येक पान शेजारच्या पानावरून घसरत स्वतंत्रपणे वाकत असते. तीच पाने एकमेकांना पूर्ण चिकटवली, तर त्यांची फळीच होईल. याचा हिशेबही मांडता येतो. दोन पदर नुसते एकावर एक ठेवले, तर वाकण्याला होणारा विरोध दुप्पट होतो. तेच दोन पदर सगळीकडून चिकटवले तर तो आठपट होतो, आणि तीन पदरांच्या बाबतीत तिपटीऐवजी सत्तावीसपट होतो, कारण सलग पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. आपण केवळ शेवटच्या कडेला चिकटपट्टी लावली, त्यामुळे आतले सारे पदर मोकळे राहिले, आणि वाढवलेल्या कागदांनी ताठपणापेक्षा वजनच अधिक वाढवले.

दुसरी गोष्ट कागदाच्या धाग्याची. गिरणीत कागद तयार होताना लगद्यातील तंतू यंत्राच्या चालीच्या दिशेने अधिक प्रमाणात लांबट पसरतात, आणि त्या दिशेने कागद जास्त ताठ असतो. ही दिशा ओळखण्यासाठी कोणतेही साधन लागत नाही. वर्तमानपत्राचे पान बातम्यांच्या उभ्या स्तंभांच्या दिशेने वरून खाली फाडले, तर ते जवळजवळ सरळ फाटते. आडवे फाडू लागलो, तर फाट वेडीवाकडी पळते. सरळ फाटते ती धाग्याची दिशा. पात्याची लांबी याच दिशेने ठेवावी, म्हणजे तंतू पात्याच्या टोकापासून मुठीपर्यंत उभे राहतात आणि शिवाय गुंडाळीही घट्ट व गोल बसते, कारण कागद धाग्याला समांतर राहून सहज वळतो. पुण्यात शिवाजीनगरला १९४० सालापासून हातकागद संस्था आहे; तेथील हाताने उचललेला कागद मिळाल्यास तो दोन्ही दिशांनी फाडून पाहावा. जाळीवर लगदा उचलताना तंतू सर्व बाजूंना पसरतात, त्यामुळे गिरणीच्या कागदात दिशेचा जो ठळक फरक दिसतो, तो त्यात जाणवत नाही. अशा कागदाची मूठ उत्तम होते, पात्यासाठी मात्र वर्तमानपत्रच बरे.

तिसरी गोष्ट पोकळीची. तितकाच कागद भरीव गुंडाळण्याऐवजी पोकळ नळीच्या आकारात ठेवला, तर तो अधिक ताठ राहतो, कारण वाकताना सर्वाधिक ताण बाहेरच्या पदरांवर येतो आणि मधल्या भागातला कागद केवळ वजन वाढवतो. बांबू वाऱ्यात उभा राहतो तो याच बळावर.

आता प्रत्यक्ष कृती. वर्तमानपत्राचा उघडलेला एक जोडकागद जमिनीवर पसरावा. त्याची उभी लांबी साधारण ५५ सेंटीमीटर भरते आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या पात्याला ती पुरेशी आहे. स्तंभांना समांतर असलेल्या कडेवर विणकामाची जाड सुई ठेवून दोन वेढे कोरडेच घ्यावेत, म्हणजे सुई नंतर सुटून येते; त्यानंतर उरलेल्या कागदावर मैद्याच्या खळीचा अगदी पातळ हात फिरवत घट्ट गुंडाळत जावे. खळ ब्रशने ओतू नये. तळहाताने पसरावी, कारण हाताला कोरडी राहिलेली जागा लगेच कळते. गुंडाळी पूर्ण झाली की सुई फिरवून काढून घ्यावी. अशा तीन नळ्या कराव्यात, त्या शेजारी शेजारी एकमेकींना चिकटवाव्यात आणि तिन्हींवरून खळ लावलेल्या आणखी एका कागदाचे दोन वेढे सपाट घ्यावेत. हा वरचा कागद टोकाच्या बाजूला नळ्यांच्या पुढे चार बोटे मोकळा राहील असा बेताने घ्यावा. त्याचे कारण शेवटच्या उत्तरात दिले आहे. हे पाते दोन पाटांच्या मध्ये ठेवून वर पुस्तकांचे एवढेच ओझे ठेवावे की ते सपाट राहील, पण नळ्या चेपणार नाहीत.

येथून पुढे बहुतेकांचा धीर सुटतो. ओल्या कागदातले तंतू एकमेकांना नीट धरून राहू शकत नाहीत, म्हणून खळ लावलेले पाते हातात घेतले की ते लोळागोळा वाटते आणि आपण काही चुकलो असे मनात येऊन लोक त्यावर आणखी कागद चढवतात. तसे करू नये. फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत पुण्यात एक दिवस आणि एक रात्र पुरते, पावसाळ्यात दोन-तीन दिवस धरावेत. वाळलेल्या पात्यावर नखाने टिचकी मारली की लाकडासारखा ठक्क आवाज येतो. तो येईपर्यंत पाते पाटांखालून काढू नये. शिवजयंतीच्या आदल्या रात्री कामाला बसून हे साधत नाही, निदान तीन दिवस हाताशी असावेत.

पात्याला पोलादाची झाक आणण्यासाठी चंदेरी कागद लावणार असाल, तर तो पाठीमागे साधा कागद असलेलाच घ्यावा. नुसत्या चकचकीत प्लास्टिकच्या पातळ पत्र्याला खळ धरत नाही आणि तो दुसऱ्या दिवशी सालीसारखा निघतो. माझ्या मते मात्र बेगडीपेक्षा एक जुनी युक्ती सरस आहे. पात्यावर करड्या रंगाचा हात द्यावा, तो वाळल्यावर मऊ शिसपेन्सिलीच्या शिशाची पूड कापसाच्या बोळ्याने घासावी आणि मधोमध एक लांब रेघ अधिक दाबून काळसर करावी. चार हातांच्या अंतरावरून ते पाते खरोखरीच्या जुन्या पोलादासारखे मंद चमकते.

प्रश्न : नातवाला स्नेहसंमेलनात जिवा महालांची भूमिका मिळाली आहे. बाजारातल्या तलवारी सगळ्या एकाच छापाच्या, परदेशी राजपुत्राच्या वाटतात. मराठी धाटणीचे शस्त्र कागदात कसे करावे?
— एक आजोबा, हडपसर

उत्तर : आजोबा, आपण योग्य जागी बोट ठेवले आहे. बाजारातल्या खेळण्यांची मूठ म्हणजे पात्यावर आडवी ठोकलेली पट्टी असते, आणि त्या एका पट्टीमुळे सारे शस्त्र परके दिसू लागते. आपल्याकडच्या तलवारीची ओळख तिच्या मुठीत आहे. शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयात नातवाला अवश्य घेऊन जावे आणि शस्त्रांच्या दालनात पात्यांपेक्षा मुठींसमोर अधिक वेळ थांबावे. मुठीच्या वरच्या टोकाला बशीसारखी गोल चकती असते, खाली पात्यालगत दोन्ही बाजूंना आखूड बाहू असतात, काही मुठींना बोटांच्या समोरून कमानीसारखी वळलेली परज असते, आणि चकती व बाहू यांच्यामध्ये चार बोटे आवळून बसतील एवढीच जागा असते. या अडचणीच्या जागेमुळेच हात घसरत नाही.

कागदात हे सारे जमते. मुठीसाठी आधीच्या उत्तरात सांगितली तशी नळी, पण अंगठ्याएवढी जाड आणि मुलाच्या चार बोटांच्या रुंदीला अर्धे बोट अधिक एवढीच लांब घ्यावी. चकतीसाठी जाड पुठ्ठ्याची वर्तुळे एकावर एक चिकटवून त्यांवर वर्तमानपत्राचे बोटभर तुकडे खळीत भिजवून बसवावेत, म्हणजे कडा गोलसर होतात. परजेसाठी कागदाची पट्टी पाच-सहा पदरी चिकटवावी आणि ओली असतानाच वाटीच्या कडेवर वळवून तशीच वाळू द्यावी. वाळल्यावर ती तो बाक सोडत नाही. पात्याचेही तेच आहे. सरळ पाते हवे असेल तर धोप किंवा फिरंग डोळ्यांसमोर ठेवावी, आणि बाकदार तलवार हवी असेल तर ओले पाते पाटावर ठेवून दोन्ही टोकांना एका बाजूने आणि मध्यावर दुसऱ्या बाजूने जड पुस्तके लावावीत. ५५ सेंटीमीटरच्या पात्याला तीन-चार सेंटीमीटरचा बाक पुष्कळ झाला. अधिक बाक दिला की तलवारीचा कोयता होतो.

परंतु भूमिका जिवा महालांची आहे, म्हणून मी आपल्याला तलवारीऐवजी दांडपट्टा सुचवीन. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी सय्यद बंडाचा वार त्यांनी अडवला आणि ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण मराठीत कायमची राहिली. त्या प्रसंगाच्या नाट्यप्रवेशांत त्यांच्या हाती पट्टा शोभतो. पट्ट्याची रचना तलवारीहून अगदी वेगळी आहे. हात कोपराच्या अलीकडपर्यंत धातूच्या आवरणात जातो, त्या आवरणाच्या आत आडवा दांडा असतो, तो मुठीत धरायचा, आणि पाते हाताच्याच रेषेत पुढे निघते. पाते लांब, सरळ आणि लवचीक असते. म्हणजे कोथरूडच्या भगिनींनी ज्याला दोष म्हटले, तो येथे गुण ठरतो. त्यामुळे पट्ट्याच्या पात्यात नळ्या घालू नयेत. धाग्याच्या दिशेने कापलेल्या चार पट्ट्या पूर्ण चिकटवून, दाबून वाळवाव्यात. हात फिरवला की असे पाते लवलवते, आणि रंगमंचावर मुलाने एक गिरकी घेतली तरी ते प्रेक्षकांच्या नजरेत भरते. आवरणासाठी जुन्या दिनदर्शिकेचा जाड कागद नातवाच्या हाताभोवती सैल गुंडाळून शंकूसारखा करावा. आडवा दांडा आवरणाच्या दोन्ही बाजूंना भोके पाडून आरपार घालावा आणि बाहेरून कागदाच्या टिकल्यांनी पक्का करावा, नुसता आतून चिकटवलेला दांडा तालमीतच निखळतो. हा दांडाही कागदाच्या घट्ट गुंडाळीचाच असावा. तालीम निदान आठवडाभर आधी पट्टा हातात घालून करावी, कारण मनगट मोकळे नसते आणि फिरवण्याचे सारे काम खांद्यातून करावे लागते हे मुलाच्या लक्षात यायला वेळ लागतो.

प्रश्न : मैद्याच्या खळीला दोन दिवसांत वास येतो आणि केलेल्या वस्तूंना कसर लागते. आमच्या वडिलांच्या वेळी पुस्तकबांधणीच्या खळीत मोरचूद घालत. खेळण्यासाठी घालावा का?
— एक वाचक, शनिवार पेठ

उत्तर : घालू नये. मोरचूद विषारी आहे आणि मूल तलवारीची मूठ घामेजल्या हाताने तासन्‌तास धरते, मग तोच हात तोंडाकडे जातो. खेळण्याच्या खळीत चिमूटभर तुरटीची पूड पुरते. एक वाटी पाण्याला दोन मोठे चमचे मैदा घ्यावा, तो आधी थोड्या थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवावा आणि मग उरलेल्या पाण्यासह मंद आंचेवर सतत ढवळावा. पांढुरके मिश्रण काहीसे पारदर्शक आणि तकतकीत दिसू लागले की खळ शिजली. कच्च्या खळीने कागद वरवर चिकटतो आणि वाळल्यावर सुटतो. खळ लागेल तेवढीच करावी. वासाचे कारण बहुधा खळ नसून अर्धवट वाळलेली वस्तू कपाटात बंद करणे हे असते. कसर टाळायची असेल, तर वस्तू पूर्ण वाळल्यावर तिला रंगाचे दोन हात द्यावेत आणि ती भिंतीपासून दूर, हवेशीर जागी टांगावी. दुकानातला पांढरा डिंक वापरण्यास हरकत नाही, पण तो लवकर आवळतो, त्यामुळे मोठा कागद गुंडाळताना लहान मुलांची धांदल उडते.

प्रश्न : माझ्या वर्गात बेचाळीस मुले आहेत, तास पस्तीस मिनिटांचा आहे आणि खळ, डिंक, कात्री यांची सोय नाही. सर्वांना एका तासात तलवार करता येईल असे काही आहे का?
— एक शिक्षिका, पुणे

उत्तर : बाई, खळीवाचून ताठपणा हवा असेल तर घडीचा आधार घ्यावा. वर्तमानपत्राचा जोडकागद स्तंभांना समांतर राहून दोनदा दुमडावा आणि झालेल्या उभ्या पट्ट्यावर त्याच दिशेने तीन घड्या पाडून चार सारखे भाग करावेत. नखाने किंवा पट्टीच्या कडेने घडी पक्की करण्यावर जोर द्यावा. मग पहिला भाग चौथ्यावर चढवून पट्ट्याची तीन बाजूंची नळी करावी आणि ती तीन ठिकाणी दोऱ्याने बांधावी. त्रिकोणाच्या बाजू बदलल्याशिवाय त्याचे कोन बदलत नाहीत, म्हणून ही नळी दाबली तरी चौकोनी नळीसारखी कलंडून चपटी होत नाही. आडव्या बाहूंसाठी दुसऱ्या कागदाची अनेकपदरी पट्टी करून ती पात्याभोवती घट्ट गाठीने बांधावी. पंचवीस मिनिटांत हे होते.

उरलेली दहा मिनिटे मात्र रंगवण्यात घालवू नयेत, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. एका बाकावर एक सपाट पट्टी आणि एक त्रिकोणी नळी, दोन्ही तेवढ्याच कागदाच्या, कडेच्या बाहेर अर्ध्या काढून ठेवाव्यात आणि कोणती का वाकते ते मुलांनाच सांगू द्यावे. आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवण्याचे जे काम वर्षानुवर्षे केले आणि ज्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांच्या खेळण्यांमागेही हीच दृष्टी आहे की मुलाने वस्तू स्वतः करावी आणि ती तशी का वागते हे तिच्यातच शोधावे. आपल्या वर्गातल्या एखाद्या मुलाने नळीऐवजी काही निराळीच घडी करून आणली, तर तीही बाकावर ठेवून पाहावी.

प्रश्न : दोन्ही नातवंडे तलवारी घेऊन घरभर धावतात आणि माझा जीव टांगणीला लागतो. कागदाच्या तलवारीनेही डोळ्याला इजा होऊ शकते ना? खेळूच देऊ नये असे वाटते.
— एक आजी, सिंहगड रस्ता

उत्तर : आजी, होऊ शकते, आणि आपली काळजी रास्त आहे. तरीही खेळ बंद करण्याआधी तलवार तपासावी असे मी सुचवीन. माझ्या वर्गात एकदा एका मुलाने तलवार ताठ राहावी म्हणून नळीत खराट्याची काडी घातली होती. खेळताना काडी आत मोडली, तिचे चिरफळलेले टोक कागदातून बाहेर आले आणि शेजारच्या मुलाच्या गालावर डोळ्याच्या खाली दोन बोटांवर ओरखडा उठला. त्या दिवसापासून कागदी शस्त्रात काडी, बांबूची पट्टी, तार, टाचणी किंवा स्टेपलरची पिन, यांतले काहीही चालणार नाही असा नियम मी केला आणि तो कधीच शिथिल केला नाही. पहिल्या उत्तरात नळ्यांच्या ताठपणावर मी एवढा भर दिला, तोही याचसाठी, की नुसत्या कागदाने काम भागले तर कोणाला काडी घालावीशी वाटणार नाही.

लांबी मुलाच्या अंगाबेताची असावी. मूल ताठ उभे राहून हात खाली सोडेल, तेव्हा तलवारीचे टोक जमिनीला लागता कामा नये. लागले तर धावताना तीच तलवार पायात येते. दोन्ही नातवंडांच्या तलवारी सारख्या लांबीच्या असाव्यात, नाही तर धाकट्याला जवळ जावे लागते आणि इजा जवळूनच होते. वार तलवारीवर करायचा, अंगावर नाही, आणि खांद्याच्या वर टोक न्यायचे नाही, हे दोन नियम आपणच घालून द्यावेत. आजीने घातलेला नियम मुले आईवडिलांच्या नियमापेक्षा जास्त पाळतात असा माझा अनुभव आहे.

आणि टोक. पाते करताना नळ्यांच्या पुढे चार बोटे मोकळा ठेवलेला कागद तो येथे उपयोगी पडतो. त्याच्या कडा आत दुमडून टोक अर्धगोल करावे, त्यात काहीही भरू नये आणि त्यावर खळीचा आणखी हात देऊ नये. वाळल्यानंतर ते टोक स्वतःच्या तळहातावर सरळ दाबून पाहावे. तळहाताला टोचण्याआधी टोक दुमडले पाहिजे. दुमडले नाही, तर वरचा एक पदर ओल्या बोटाने भिजवून सोलून काढावा आणि वाळल्यावर पुन्हा दाबून पाहावे.